साहेब बदलला की पोलीस बदलतात का?

प्रश्न : लंडनचे पोलीस कृष्णवर्णीय पोरांनाच जास्त अडवतात हे वर्षानुवर्षं ऐकतोय. दरवेळी चौकशी होते, साहेब लोक म्हणतात मूठभर वाईट आहेत, की झालं. वरच्या साहेबाच्या विचारांनी रस्त्यावरच्या पोलिसाला खरंच काही फरक पडतो का हो?

उत्तर : पडतो, फक्त तो भाषणानं पडत नाही. 1981 चं ब्रिक्स्टन घ्या, लंडनमधलाच कृष्णवर्णीय वस्तीचा भाग. चोऱ्या रोखायच्या म्हणून साध्या वेशातले पोलीस तिथं उतरवले, ऑपरेशन स्वॉम्प 81 नाव होतं, आणि काही दिवसांतच 943 लोकांना अडवलं, त्यात कृष्णवर्णीय पोरंच जास्त, आणि त्याच दिवसांत दंगल पेटली. आता हे काही एखाद्या माथेफिरू शिपायाच्या डोक्यातून आलं नव्हतं, रीतसर ठरवून केलेलं काम होतं ते.

पुढं 1993 मधे लंडनमधल्याच एल्थमला बस स्टॉपवर स्टीफन लॉरेन्स या 18 वर्षांच्या मुलाचा वर्णद्वेषातून खून झाला. सोबतचा मित्र वाचला, तर पोलिसांनी त्याला धड पीडित म्हणूनसुद्धा वागवलं नाही! या खुनाच्या तपासाची चौकशी झाली, तिच्या 1999 च्या मॅकफर्सन अहवालानं सरळ म्हटलं की वर्णद्वेष अख्ख्या खात्यात मुरलाय. खुनासाठी दोघांना शिक्षा व्हायला 2012 उजाडलं.

आता ते मूठभरांचं. मूठभरच असतील तर काढा ना त्यांना, अडवलंय कुणी? लंडन पोलिसांच्या कारभाराची स्वतंत्र चौकशी लुईस केसी यांनी केली, त्यात निघालं की 2013 पासून एकापेक्षा जास्त वेळा गैरवर्तनाची केस झालेले 1809 जण होते आणि त्यातल्या फक्त 13 जणांची नोकरी गेली. उलट खात्यातल्याच कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांवर अशी केस होण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा 81 टक्क्यांनी जास्त होती. (हे वाचून मी तरी कपाळावर हात मारला.) खालचा माणूस बघतो ते हेच, की शेजारच्यानं शिवी घातली, तक्रार झाली, तरी पुढच्या महिन्यात तो त्याच गाडीत बसलाय, मग काय समजायचं ते समजतो.

पोलिसांच्या अधिकारांबद्दलच्या 1984 च्या कायद्यानं झडतीचं कारण सांगणं आणि नोंद ठेवणं बंधनकारक झालं हे बरंच झालं. पण नवीन साहेब आला की मी एवढंच विचारीन, त्या नोंदी तुमच्याकडं वाचतं कोण, आणि ज्याच्या झडत्यांत सारखं काहीच सापडत नाही त्याला बोलावून कुणी जाब विचारतं का?