बाळाच्या ऐकण्याच्या पहिल्या तपासणीत (ओएई) 'रेफर' आलंय? पुढची तारीख आजच घ्या

तुम्ही लिहिलंय की डिस्चार्जच्या दिवशी ओएईत बाळाच्या उजव्या कानाला 'रेफर' आलं, हॉस्पिटलवाले 'होतं असं' म्हणाले आणि सासूबाई टाळी वाजवून 'बघ, दचकतोय की' म्हणतात. आमच्या लेकीच्या वेळी अगदी हेच झालं, म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

रेफर म्हणजे 'पुन्हा तपासा', बहिरेपण नव्हे. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात पाणी, चिकटा असतो. बरीच बाळं दुसऱ्या वेळी पास होतात. पण ती दुसरी वेळ कधी? आमच्या फाईलवर नुसतं 'हिअरिंग डन'! रिपोर्ट मागितला तर काउंटरवाले म्हणे ऑडिओलॉजिस्टला विचारा, त्या म्हणे बाळाच्या डॉक्टरांना, आणि तिथे उत्तर मिळालं, 'सहा महिन्यांनी आणा, एवढ्याशा बाळाचं काय कळतंय!' साफ चूक. महिन्याच्या आत तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत कानाचं मशीन किंवा थेरपी सुरू, असा जगभरचा दंडक आहे. म्हणजे उपचार सुरू व्हायला हवे होते तेव्हा आम्हाला तपासणीला बोलावलं.

शिवाय पुढची तपासणी, बेरा (आवाज कानाच्या नसेतून पुढे मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी), झोपेत करतात. दोन महिन्यांचं बाळ पोटभर पाजलं की आपसूक झोपतं. आमची तोवर मोठी झालेली; झोपेचं औषध दिलं, ते तिने ओकलं, पुन्हा नवी तारीख. अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

टाळीवर मुळीच विसंबू नका. एक कान चांगला असला तरी बाळ दचकतं, हात हललेला दिसला तरी दचकतं. आणि बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलं असेल किंवा काविळीसाठी रक्त बदलावं लागलं असेल, तर ओएई पास असली तरी बेरा मागाच. ओएई कानाच्या आतल्या शंखापर्यंतच सांगते, पुढच्या नसेचं नाही.

खासगीत परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (लहान मुलांमधल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात) चौकशी करा. मुंबईजवळ असाल तर वांद्र्याची अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणारी संस्था. सोय जागेनुसार बदलते, आधी फोन करा. रिपोर्टची प्रत मात्र डिस्चार्जच्या कागदांबरोबरच मागून घ्या, नंतर कोणी दाद देत नाही.

आणि मालिशवाल्या मावशींना कानात तेल घालू देऊ नका, कितीही रागावल्या तरी.