ओपनडब्ल्यूआरटीमध्ये (राउटरवर चालणारं लिनक्स फर्मवेअर) स्विचकॉन्फिगवरून (राउटरमधला स्विच चालवायची जुनी पद्धत) डीएसएवर (नवी पद्धत) जाताना जुनी सेटिंग ठेवता येते का?

नाही येत, आणि हट्ट पण करू नका. स्विचकॉन्फिगमध्ये अख्खा स्विच इथ० (eth0) नावाच्या एका इंटरफेसच्या मागे लपलेला असायचा, व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) केला की इथ०.१, इथ०.२ असं दिसायचं. डीएसए लिनक्सच्या मूळ (मेनलाइन) कर्नलमध्ये २००८ पासून आहे, त्यात प्रत्येक पोर्ट वेगळा इंटरफेस, लॅन१, लॅन२, वॅन, म्हणजे कुठली केबल निघालीय ते सरळ आयपी लिंक (ip link) कमांडमध्ये दिसतं, मला तर हेच सगळ्यात आवडलं. ओपनडब्ल्यूआरटीच्या २१.०२ आवृत्तीपासून एमटी७६२१ वगैरे चिपचे राउटर डीएसएवर गेलेत, म्हणून जुनी सेटिंग ठेवून सिसअपग्रेड (फर्मवेअर अपग्रेडची कमांड) केलं की ते अडतं. बॅकअप काढा, पण जसाच्या तसा रिस्टोअर नका करू, त्यात बघून पीपीपीओई (इंटरनेट कंपनीचं लॉगिन) आणि वायफाय हाताने भरा. व्हीलॅन आता ब्रिजच्या (पोर्ट एकत्र जोडणारा इंटरफेस) व्हीलॅन फिल्टरिंगमध्ये टाकायचे.