हिरव्या जाळीनं माती थांबते का?

प्रश्न: साहेब, जांबोटी रस्त्याला उतारावर २० गुंठ्यांत घर बांधतोय. मेअखेरीस जेसीबी लावणार. खालच्या अंगाला दुसऱ्यांचं भातशेत आहे. कंत्राटदार म्हणतो, बांधाला हिरवी जाळी बांधली की माती खाली जाणार नाही. एवढं पुरे का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: पुरे नाही. ती जाळी रोपांना सावली द्यायची. आपली तांबडी माती तिच्यातून चहासारखी गळते.

मला हे कळलं ते बोलणी खाऊन. नोकरीत नवा होतो. अशाच उतारावर मी हीच जाळी ओघळीत आडवी ताणून घेतली आणि निवांत झालो. वळवाच्या पहिल्याच पावसात पाणी तिच्या बुडातून पोखरून गेलं. खाली भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली पेरणी, नुकतीच झाली होती, ती गाळाखाली गेली. सकाळी शेताचे मालक आले, ओंजळभर चिखल माझ्या टेबलावरच्या नकाशावर ठेवला आणि म्हणाले, "हे तुमचं, विसरला होता." गाळ काढायला चार दिवस माणसं लावली, बियाणं पुन्हा घेऊन दिलं.

तेव्हा आधी पाण्याचं बघा, कापडाचं नंतर. ५० मिलिमीटर पाऊस झाला, आणि तुमच्याकडं तो एका दिवसात सहज होतो, तर २० गुंठ्यांवर एक लाख लिटर पाणी पडतं. त्यात वरच्या माळाचं पाणी येऊन मिळालं तर काहीच टिकत नाही. वरच्या अंगाला चर मारून ते बाहेरच्या बाहेर काढा, पण गवताळ किंवा दगडी जागेत सोडा, दुसऱ्याच्या बांधावर नको.

जेसीबीवाला तासावर असतो, त्यामुळं सगळा प्लॉट खरवडून देतो. पायापुरतंच उकरायला सांगा. खालच्या बांधालगतचं दहा-पंधरा फूट गवत राहू द्या, ते फुकटचं गाळणं आहे. मातीचा ढीग वरच्या सपाटीला घाला, वर ताडपत्री. उघड्या जमिनीवर भाताचं पिंजर पसरा. थेंबाचा मार पिंजरावर बसला की माती सुटतच नाही.

मग जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे पाणी झिरपू देणारं पण माती अडवणारं. ते कुंपणासारखं उभं, उताराला आडवं, एका पातळीत लावायचं, बूड सहा इंच मातीत गाडायचं, दोन्ही टोकं चढाकडं वळवायची. १०० फूट कापडामागं १० गुंठे असा हिशेब धरतात, म्हणजे तुम्हाला २०० फूट. एक तृतीयांश उंचीपर्यंत गाळ साचला की उपसा. ओघळीत मात्र कापड कधीच नको. तिथं दगडांचे छोटे बांध, मध्ये थोडे खोलगट, आणि खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या बुडाच्या पातळीला.

सगळ्यात खालच्या कोपऱ्यात गाळाचा खड्डा घ्या. अमेरिकेत बांधकामाला एकरी ३,६०० घनफूट साठवण धरतात. तुमच्या अर्ध्या एकराला ३० बाय १५, खोली ४ फूट, झालं. जास्तीचं पाणी दगडांवरून निघू द्या. बारीक तांबडी माती लवकर खाली बसत नाही, म्हणून पंप लावलात तर पाइपाचं तोंड वरच्या थरात तरंगतं ठेवा. तळातून उपसलं तर खड्डा काढून काय उपयोग!

आणि जेसीबीला तारीख देण्याआधी खालच्या शेतकऱ्याची धूळवाफ पेरणी कधी आहे, ते विचारून या.