स्वस्तिक आणि नाझी चिन्ह: 'आमचं सुलटं, त्यांचं उलटं' एवढ्यावर भागणार नाही

घरातलं स्वस्तिक पाहून ज्यू सहकारी गप्प झाला, तर 'आमचं सुलटं असतं, हिटलरचं उलटं होतं' असं त्याला सांगावं का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून हे सांगू नका, कारण ते खरं नाही. नाझींचं चिन्हही उजवीकडेच वळणारं होतं. त्यांच्या झेंड्यावर ते तिरपं होतं हे बरोबर, पण हिटलरच्या स्वतःच्या ध्वजावर ते सरळच होतं. उलट जपानच्या नकाशांवर बौद्ध मंदिराची खूण म्हणून छापतात ते डावीकडे वळणारं.

फरक भूमितीत शोधला की आपण फसतो. तो अर्थात आहे. 'सु' आणि 'अस्ति' मिळून 'स्वस्ति' होतं, म्हणजे कल्याण असो. जैनांनी तर या आकृतीत अख्खं तत्त्वज्ञान बसवलंय: चार भुजा म्हणजे देव, मनुष्य, तिर्यंच (पशुपक्षी वगैरे) आणि नरक या चार गती, म्हणजे जीवाचे चार प्रकारचे जन्म, वरचे तीन ठिपके म्हणजे सम्यक (योग्य) दर्शन, ज्ञान, चारित्र्य, आणि त्यावरची चंद्रकोर म्हणजे सिद्धशिला, मुक्त जीवांचं स्थान. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याची वाटच रेखाटलेली. सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचं लांछन, म्हणजे ओळखचिन्हही स्वस्तिकच. द्वेषाला इथे जागाच नाही.

'हिटलरने ते हिंदूंकडून चोरलं' हेही अर्धवट आहे. १८७०च्या दशकात जर्मन उत्खननकार हाइनरिश श्लीमानला ट्रॉय या प्राचीन नगराच्या उत्खननात ही आकृती पुष्कळ वस्तूंवर सापडली. भाषाशास्त्रातल्या 'आर्य' या शब्दाला तोवर युरोपात वंशाचा अर्थ चिकटू लागला होता. जर्मन राष्ट्रवाद्यांनी दोन्हींची सांगड घातली आणि १९२० मध्ये ते नाझी पक्षाच्या झेंड्यावर आलं. त्यांचा शब्द 'हाकेनक्रॉइत्स', म्हणजे हुकासारखी वळलेली टोकं असलेला क्रूस. नाझी चिन्हासाठी तोच वापरावा असं काही जण सुचवतात. मलाही ते पटतं, पण नुसता शब्द बदलून जखम भरत नाही.

झळ इतरांनाही बसली. अमेरिकेतल्या नावाहो, होपी, अपाची आणि तोहोनो ओओदाम लोकांनी १९४० मध्ये आपल्या विणकामातून, टोपल्यांतून हे चिन्ह जाहीरपणे काढून टाकलं. पिढ्यान्‌पिढ्यांची आपली खूण स्वतःच्या हाताने सोडायची, हे वाचताना मला अजूनही भरून येतं.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हाच्या प्रदर्शनावर बंदी घातली, पण हिंदू, बौद्ध आणि जैनांच्या स्वस्तिकाला त्यातून वगळलं. कायद्यालाही हा भेद करता येतो.

तेव्हा सहकाऱ्याशी बोलताना आधी त्याचं ऐकून घ्या. त्याच्या घरातलं कोणी छळछावणीत गेलं असेल, तर आपल्या पाच हजार वर्षांच्या गौरवाने त्याचं दुःख हलकं होणार नाही. मग आपला अर्थ सांगा. आणि जमलं तर एन गेदीबद्दल सांगा: मृत समुद्राजवळच्या तिथल्या प्राचीन सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) मोझेक फरशीत काळ्या खड्यांचं एक स्वस्तिक आहे, ज्यू हातांनीच घडवून घेतलेलं.