घटस्फोटानंतर परदेशात जन्मलेल्या मुलाचं भारतीय नागरिकत्व

ताई, मुलाला भारतीय नागरिकत्व मिळेल का, असं तुम्ही विचारलंत. लेकरू अमेरिकेत जन्मलं, तेव्हा तुम्ही दोघंही भारतीय होता, आता फारकत घेऊन तुम्ही दिग्रसला माहेरी आहात. फारकतीनं मुलाचा हक्क जात नाही. कायदा जन्मावेळचं आईबापाचं नागरिकत्व पाहतो. खरी अडचण पासपोर्टची आहे.

3 डिसेंबर 2004 पासून बाहेर जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत वर्षभरात करायची असते; उशीर झाला तर केंद्राची परवानगी लागते. पण मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं लिहून द्यावं लागतं. अमेरिकन पासपोर्ट काढला असेल तर ही वाट बंद. मग नागरिकत्व कायद्याच्या कलम 5 (नोंदणीनं नागरिकत्व) खाली ऑनलाइन अर्ज, यवतमाळच्या जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत. तहसीलच्या चकरा फुकट जातील.

अर्ज बहुधा कागदांवर अडतो: जन्मदाखल्यावर अपोस्टिल (दाखला खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का) नाही, किंवा आईचं नाव दाखल्यात सासरचं अन् पासपोर्टात माहेरचं. फारकतीच्या हुकूमनाम्यात नुसतं 'ताबा आईकडे' पुरेलच असं नाही. पासपोर्ट अन् नागरिकत्वाचे अर्ज बापाच्या सहीशिवाय करता येतील, हे वाक्य वकिलाकडून घालूनच घ्या.

माझ्या मते आधी ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिक राहून भारतात व्हिसाशिवाय राहू देणारं कार्ड) विचार करा. एक पालक भारतीय असला तरी अल्पवयीन मुलाला ते मिळू शकतं, अमेरिकन नागरिकत्वही राहतं. तोवर मुलाच्या भारतीय व्हिसाची मुदत संपू देऊ नका.