इंग्रजीच्या तासाला व्हॉट्सॲप कशाला?

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

“पोरगं दहावीला, आणि सर इंग्रजीच्या तासाला व्हॉट्सॲपचे फॉरवर्ड वाचून घेतात. ग्रामर कधी व्हायचं? मी शाळेत जाऊन विचारलो, तर म्हणाले, हेच ग्रामर आहे!”

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका आईची ही तक्रार. असे पालक हल्ली माझ्याकडे सल्ल्याला बरेच येतात. मी मुलाला वही घेऊन बोलावलं.

एका पानावर पावसाळ्यातला इंग्रजी फॉरवर्ड उतरवलेला: राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले गेले, रात्रीत कोल्हापूर बुडणार. खाली सरांचा प्रश्न, ‘कुणी उघडले?’ मुलानं शोधून लिहिलं होतं, की धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव भरला की आपोआप उघडतात. फॉरवर्डच्या पॅसिव्ह व्हॉइसमध्ये कर्ताच नव्हता, त्यामुळे कुणीतरी मुद्दाम पाणी सोडल्यासारखं वाटत होतं. पुढे ‘विल’ खोडून ‘मे’ केलेलं, म्हणजे ‘बुडणार’चं ‘बुडू शकेल’. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, असा तक्ता आणि त्यावरून परिच्छेद. बोर्डाच्या पेपरात तक्त्यावरून लिहायला येतं, बातमी लिहायला येते. ही त्याचीच तयारी होती. शिवाय ७ जून २०२३ ला मोबाईल स्टेटसवरून या शहरात दगडफेक झाली, ते आपण पाहिलंय. इंटरनेट बंद करावं लागलं होतं. स्टेटस ठेवणाऱ्या वयाच्या मुलांना हे शाळेनं नाही तर कुणी शिकवायचं?

“ताई, धोका पातळी किती?” मी विचारलं.

“त्रेचाळीस,” त्या पटकन म्हणाल्या. माहेर शिरोळ तालुक्यातलं, २०१९ चा पूर घरात शिरलेला. इंग्रजी येत नाही म्हणून या अभ्यासात आपलं काही काम नाही, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. खरं तर फॉरवर्डमधला फोटो कधीचा, पाठवला कुणी, हे विचारायला इंग्रजी लागत नाही.

एका बाबतीत मात्र त्यांचं बरोबर होतं. अशा तासांना नुसती चर्चा झाली, लिहून काही घेतलं नाही, तर पेपरात हात चालत नाही. (काही ठिकाणी तर व्हिडिओ दाखवून तास संपतो, तो वेळ वायाच जातो.) म्हणून वही दर शनिवारी बघायची, लिखाण दिसलं नाही तर सरांना विचारायचं, असं ठरलं.

खरी काळजी निघाली शेवटी: ‘अभ्यास आहे’ म्हणत पोरगा रात्री मोबाईल घेऊन बसतो. फॉरवर्डमधला फोटो गूगल लेन्सवर (फोटोवरून शोध घेणारी सोय) तपासायला दहा मिनिटं पुरतात. तेवढं आईच्याच फोनवर, स्वयंपाकघरात, आईसमोर करायचं. मुलगा नाराज झाला, पण तयार झाला.

घटक चाचणीत बातमीलेखन चांगलं आलं, स्पेलिंग अजून कच्चंच आहे. रील्सवरून भांडण चालू आहे. त्यासाठी दोघं पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहेत, या वेळी वडिलांना घेऊन.