रबिंग करण्याआधी विचारा: पावसाळा आणि गाडीचा रंग

मिरगाचा पाऊस सुरू झाला की दरवर्षी तेच प्रश्न येतात, आणि त्यामागचे गैरसमजही तेच असतात. शेजाऱ्याने सांगितलं, वॉशिंग सेंटरवाल्याने सांगितलं, मोबाइलवर पाहिलं असं म्हणत माणसं रंगाची वाट लावून मगच विचारायला येतात. यंदा आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं इथे देतो.

रोज पाऊस पडतोच आहे, मग गाडी वेगळी धुवायची गरज काय? (टिळकवाडी)

गरज आहे. पावसाने घाण भिजते, निघत नाही. आठवड्यातून एकदा धुवाच.

कणकुंबी, चोर्ला घाट करत गोव्याला वरचेवर जातो. पांढऱ्या गाडीच्या खालच्या भागावर लाल डाग बसलेत, कोरड्या फडक्याने पुसूनही जात नाहीत. (खानापूर)

कोरडं फडकं आधी बंद करा. आपली लाल माती म्हणजे जांभ्याची भुकटी. तिच्यात लोहाचा गंज असतो, म्हणून डाग पडतो. आणि बारीक खर असते, म्हणून ओरखडे पडतात. वाळलेल्या चिखलावर फडकं फिरवणं म्हणजे त्याच खरीने रंग घासणं. नळीचं पाणी जोरात मारून चिखल भिजवा आणि सुटू द्या, मडगार्डच्या आतूनसुद्धा. मग कार शाम्पू, मायक्रोफायबर आणि दोन बादल्या घ्या. एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खळबळून घ्यायला साधं पाणी. धुणं वरून खाली. कपड्याची पावडर नको, ती वॅक्स उतरवते. एवढं करूनही डाग राहिला तर रॉकेल-थिनर लावू नका, जाणत्या डिटेलिंगवाल्याला दाखवा.

बैलहोंगल, सौंदत्ती, अथणीकडच्या वाचकांचा त्रास वेगळा. काळी चिकण माती मडगार्डच्या आत बसते आणि दिवसच्या दिवस ओली राहते. पत्रा तिथून सडायला लागतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्याची भोकं असतात, तीही मातीने बुजतात. ती मोकळी आहेत का ते मेकॅनिककडून बघून घ्या.

सर्व्हिसिंगला दिली की पावसाळी पॅकेजमध्ये रबिंग-पॉलिश (मशीनने रंग घासून चकाकी आणणं) फुकट करून देतात. गाडी चार वर्षांची आहे. दरवर्षी करावं का? (निपाणी)

करू नका. आणि का करू नये ते नीट समजून घ्या, कारण आमच्याकडे रंग गेला म्हणून येणाऱ्या कितीतरी गाड्यांचा रंग पावसाने गेलेला नसतो, मशीनने गेलेला असतो.

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर आधी फॉस्फेट, मग प्रायमर, सरफेसर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळं मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा. त्यातला क्लिअर कोट चाळीसेक मायक्रॉनचा, माणसाच्या केसापेक्षाही बारीक. चकाकी त्याचीच. उन्हातले अतिनील किरण अडवणारी रसायनंही त्याच थरात. पाऊस आणि पक्ष्यांची विष्ठा यांना तोंड देतो तोही तोच. हा थर कारखान्यात एकदाच मिळतो, पुन्हा वाढत नाही.

रबिंग म्हणजे हाच थर खरवडणं. ओरखडा भरत नाही. त्याच्या आजूबाजूचं क्लिअर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणलं जातं. म्हणून चकाकी दिसते आणि मालक खूश होऊन जातो. दर खेपेला काही मायक्रॉन जातात. बॉनेटच्या आणि दारांच्या कडांवर थर आधीच पातळ असतो, तिथे तो आधी संपतो. मग पांढरट चट्टा दिसतो, पापुद्रे सुटतात. त्यावर कुठलंही पॉलिश चालत नाही, तो भाग नव्याने रंगवावाच लागतो. त्यातही स्वस्तातल्या पॉलिशमध्ये तेल आणि सिलिकॉन असतं. ते ओरखडे झाकतं, दोन-तीन पावसांत धुऊन जातं, आणि पुढच्या सर्व्हिसिंगला पुन्हा मशीन फिरते. फुकट म्हणतात ते हेच.

खोल ओरखडे असतील तर फक्त तेवढ्याच भागावर काम करून घ्या, आणि तेही आधी जाडी मोजून. जाडी मोजण्याचं मीटर असतं. ‘मशीन लावण्याआधी आकडा दाखवा’ असं स्पष्ट सांगा. मीटर नाही म्हणाले तर गाडी परत आणा. २०० च्या वर आकडा आला तर तो भाग बहुधा आधी रंगवलेला आहे, मग पुढचा निर्णय पेंटरला विचारूनच. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं मीटर चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

दरवर्षी करायचंच असेल तर वॅक्स किंवा सीलंट लावा. ते काही काढत नाही, वर बसतं. आपल्या पावसात वॅक्स काही आठवडेच टिकतं, सीलंट काही महिने. मेअखेर एकदा लावा, श्रावणात उघडीप मिळाली की पुन्हा.

‘नाइन-एच’ सिरॅमिक कोटिंग केलं की दगड लागला तरी टवका उडत नाही म्हणे. खरं का? (शहापूर, बेळगाव)

साफ खोटं. ‘नाइन-एच’ हे पेन्सिलीच्या शिशाने ओरखडून कठीणपणा पाहण्याचं माप आहे. हिऱ्याचा १० आकडा ज्या मापावर आहे त्याच्याशी त्याचा संबंध नाही, पण विकणारे मुद्दाम गल्लत करतात. या कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनचा असतो. पाणी ओघळतं आणि धुणं सोपं होतं, एवढा फायदा खरा. हायवेवरचा खडा अडवायला पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) लागते, ती रंगावर चिकटवायची साधारण १५० ते २०० मायक्रॉनची पारदर्शक फिल्म असते. महाग आहे, पण बंपर आणि बॉनेटच्या पुढच्या भागापुरतीही लावता येते. लावणाऱ्याचं आधीचं काम बघा, वॉरंटी लेखी घ्या.

दारावर मार्चमध्ये टवका उडाला. खाली तांबूस दिसतंय. पावसाळा संपल्यावर केलं तर चालेल? (संकेश्वर)

नाही. मार्चमध्येच करायला हवं होतं. तांबूस दिसतंय म्हणजे पत्र्याला गंज लागलाय, आणि तो रंगाखालून चारी बाजूंनी पसरतो. वरून टचअप पेन लावून झाकू नका. या आठवड्यात पेंटरकडे जा, गंज काढून प्रायमर मारून घ्या. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, तो सोबत न्या.

उद्यमबागेत फाउंड्रीजवळ गाडी उभी असते. छतावर तांबडे ठिपके आलेत, धुऊन जात नाहीत. (बेळगाव)

हवेतून पडणारे लोखंडाचे कण आहेत. गरम असताना रंगाला चिकटतात आणि पावसात गंजतात. घासू नका. त्यासाठी आयर्न रिमूव्हर (हे कण विरघळवणारं द्रावण) आणि क्ले बार (कण उचलून घेणारी मऊ मातीसारखी वडी) मिळतात, पण पहिल्यांदा तरी अनुभवी माणसाकडून करून घ्या. चुकीच्या हाताने क्ले फिरला तर तोच कण रंगभर फिरतो.

गणपतीच्या आधी पुढची बाजू रंगवून हवी आहे. गॅरेजवाला दोन दिवसांत देतो म्हणतोय. (चिकोडी)

बूथ, म्हणजे रंग मारायची बंद खोली, आहे का, विचारा. उघड्या शेडमध्ये भर पावसात मारलेला रंग पांढरट पडतो. पुटी ओल शोषते आणि काही महिन्यांत रंगाखाली फोड येतात. कंप्रेसरच्या हवेत पाणी असेल तरी तेच. बूथ नसेल तर दसऱ्यापर्यंत थांबा, मात्र पत्रा उघडा पडला असेल तर तेवढ्यावर प्रायमर आत्ताच मारून घ्या. नव्या रंगावर वॅक्स कधी लावायचं ते पेंटरलाच विचारा, घाई नको.

पावसात कव्हर घालावं का? (हुक्केरी)

ओल्या गाडीवर कधीच नाही. उघड्यावर वाऱ्यात फडफडणारं कव्हरही नको.

खंडेनवमीला गाडीवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक पावसात ओघळलं, डाग राहिला. (खानापूर)

शाम्पूच्या पाण्याने हळू धुवा. नाही गेला तर घासण्याआधी दाखवून घ्या. पुढच्या वर्षी स्वस्तिक काचेवर काढा, आणि हाराची तार बॉनेटला टेकू देऊ नका.